डिझेल लाइनचे सांधे: टेप कुठे, वायसर कुठे आणि काहीच नको कुठे

टाकी भरलेली असताना इंजिन बिनतक्रार चालतं आणि टाकी अर्धी झाली की अडखळायला लागतं. सकाळी पहिला स्टार्ट घ्यायला बॅटरी रडकुंडीला येते, एकदा हवा काढली की मग दिवसभर ठीक. मासेमारी बोटींवर ही तक्रार ठरलेली, आणि तिच्यावरचे उपायही ठरलेले: आधी फिल्टर बदलायचे, मग नोझल (सिलिंडरमध्ये डिझेल फवारणारे) टेस्टिंगला द्यायचे, शेवटी एफआयपी (नोझलला दाबाने डिझेल देणारा इंजेक्शन पंप) खोलून पंपवाल्याकडे न्यायचा. पैसे जातात आणि दोष जागेवरच राहतो. बहुतेक वेळा तो टाकी आणि फीड पंप (टाकीतून डिझेल ओढणारा पंप) यांच्या मधल्या एखाद्या आट्याच्या सांध्यात असतो. तिथे डिझेलचा थेंबही दिसत नाही, कारण तिथून डिझेल बाहेर येत नाही, हवा आत जाते.

कारण साधं आहे. टाकीतली पातळी फीड पंपाच्या वर असेल तोवर पाइपात डिझेलचा स्वतःचा थोडा दाब असतो. सांधा कच्चा असला तर फार तर तिथे ओल येईल. पातळी पंपाच्या खाली गेली की त्याच पाइपात शोषण सुरू होतं. ३० सेंटिमीटर खालून डिझेल ओढायचं तर जेमतेम ०.०२५ बारचं शोषण लागतं, म्हणजे काहीच नाही. पण त्यात पाइपाचा आणि प्राथमिक फिल्टरचा अडथळा मिळवा. फिल्टर तुंबत जाईल तसं शोषण वाढतं आणि कच्चा सांधा जास्त हवा घेऊ लागतो. म्हणूनच नवा फिल्टर घातला की दोन-चार फेऱ्या बरं वाटतं आणि सगळं खापर फिल्टरवर फुटतं. रात्री इंजिन बंद असताना त्याच फटीतून हवा आत येते, पाइपातलं डिझेल टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी पंपाच्या तोंडाशी हवाच असते.

डिझेल पाण्यापेक्षा जाडसर आहे, मग पाणी न गळणारा सांधा डिझेलला का गळतो, असं विचारलं जातं. डिझेलचा पृष्ठताण पाण्याच्या निम्म्याहूनही कमी असतो. ते धातूला चिकटून बारीक फटीत पसरत जातं, पाण्यासारखा थेंब धरून तोंडाशी थांबत नाही. हवा तर त्याहून कितीतरी पातळ. म्हणून डिझेल अडवणारा सांधाही हवा सोडू शकतो. घरच्या नळाला टेप गुंडाळणाऱ्याचा हात इंजिन रूममध्ये तसाच चालला की घोटाळे होतात ते यामुळे.

कुठलाही सांधा बांधण्याआधी एकच गोष्ट ठरवायची: हा सांधा नेमका कुठे बंद होतो? आट्यांवर, वायसरच्या सपाट तोंडावर, की शंकूच्या आकाराच्या टोकावर? बाहेरून तिन्ही सारखेच दिसतात, तिन्हींना आटे असतात, पण सांधा आट्यांनीच बंद होतो तो त्यांतल्या एकाच प्रकारात. बाकी दोन्हींत आट्यांचं काम फक्त आवळण्याचं.

आट्यांवर बंद होतात ते निमुळते आटे. बीएसपी टेपर (ब्रिटिश पद्धतीचा पाइपाचा आटा) आणि एनपीटी (अमेरिकी पद्धतीचा) दोन्हींचा निमुळतेपणा १ ला १६, म्हणजे १६ मिमी लांबीत व्यासात १ मिमीचा फरक. कॅलिपर लावून पहिल्या आट्यावरचा आणि शेवटच्या आट्यावरचा व्यास मोजा. ८ मिमी लांबीत अर्धा मिमी फरक आला तर आटा निमुळता, त्याला सीलंट लागणारच. कितीही आवळलं तरी आट्याचा माथा आणि समोरच्या आट्याचा तळ यांच्यात मळसूत्रासारखी फिरत जाणारी बारीक वाट उरते. सीलंट ती वाट भरतो. फरक आला नाही तर आटा सरळ, आणि सरळ आट्याला कशानेही भरून बंद करायला जाऊ नये. त्याच्या पूर्ण लांबीत मुद्दाम ठेवलेली ढिलाई असते. त्याचं बंद होणं वायसर, ओ-रिंग किंवा शंकूवर असतं.

यातली सगळ्यात महागात पडणारी गल्लत बीएसपी आणि एनपीटीची. आपल्याकडच्या हार्डवेअरच्या दुकानात मिळतं ते बीएसपी, आट्याचा कोन ५५ अंश. अमेरिकी घराण्याच्या इंजिनांवर आणि तिकडच्या फिल्टरांवर एनपीटी, कोन ६० अंश. १/४ इंचात बीएसपीचे इंचाला १९ आटे, एनपीटीचे १८. तीनेक फेऱ्यांनंतर फिटिंग अडकतं, तेव्हा निदान शंका तरी येते. १/२ आणि ३/४ इंचात मात्र दोन्हींचे इंचाला १४च आटे आहेत. फिटिंग छान आत जातं, घट्ट बसतं, पाना हाताला सांगतो की झालं काम. कोन जुळत नसल्यामुळे आत वाट मोकळीच राहते आणि कुठलाही सीलंट ती फार दिवस धरून ठेवत नाही. लहान मापात अशीच जोडी १/८ बीएसपी आणि एम१० × १ (१० मिमी व्यासाचा मेट्रिक आटा) ची. पहिल्याचा बाहेरचा व्यास ९.७३ मिमी, दुसऱ्याचा १०. ब्लीड स्क्रू (हवा काढायचा स्क्रू) हरवला म्हणून नळाच्या दुकानातून आणलेला तुकडा फिल्टर हेडच्या अॅल्युमिनियममध्ये फिरवला की आटे गेलेच समजा. दोनशे-तीनशे रुपयांची थ्रेड गेज पानांच्या पेटीत ठेवणं स्वस्त पडतं.

आता टेप. पांढरी टेफ्लॉन टेप डिझेलमध्ये विरघळत नाही, खराब होत नाही, त्या बाबतीत तिची काही चूक नाही. अडचण तिच्या तुकड्यांची आहे. पहिल्या आट्यावरून गुंडाळलेली टेप आवळताना कापली जाते आणि तिची दोरी आतल्या बाजूला लोंबते. पुढच्या वेळी सांधा खोलताना उरलेली टेप आटा-आटा चिंध्या होऊन सुटते. प्लंजरवाल्या फीड पंपात स्प्रिंगवर बसणारे दोन लहान झडपी वाल्व असतात. त्यातल्या एकाच्या बैठकीत केसाइतका तंतू अडकला तरी वाल्व पूर्ण बसत नाही. हँड प्रायमर (फीड पंपावरचा, हाताने डिझेल चढवायचा दट्ट्या) दाबताना हाताला दाब लागत नाही, पंप मेला असं वाटतं. पंप खोलला की बैठकीवर आडवा पडलेला तो पांढरा तंतू भिंग न लावताही दिसतो. फिल्टरच्या अलीकडची टेप निदान फिल्टरमध्ये अडते. फिल्टर आणि एफआयपीच्या मधल्या सांध्यावर लावलेली टेप अडायला पुढे काही नाही, ती पंपाच्या एलिमेंटपर्यंत किंवा नोझलपर्यंत जाते.

काही जाणते फिटर टेप नीट लावतात: आट्यांच्या टोकाकडून पाहिलं तर घड्याळाच्या दिशेने, दोन-अडीच वेढे, पुढचे दोन आटे कोरे, शेवट ब्लेडने कापलेला. तसं लावलं तर चालतं, हे मान्य. तरी इंजिनच्या बाजूला टेप येऊच नये, असंच माझं मत. भर समुद्रात, हलत्या बोटीत, टॉर्च तोंडात धरून काम करणारा माणूस दोन आटे कोरे ठेवेल याची खात्री कोण देणार?

मग लावायचं काय? निमुळत्या आट्यांना अॅनएरोबिक थ्रेड सीलंट, म्हणजे धातूला लागल्यावर आणि हवा तुटल्यावरच घट्ट होणारा. लॉकटाइट ५७७ आणि ५६७ आपल्याकडे औद्योगिक मालाच्या दुकानांत मिळतात. बारीक आट्यांसाठी ५४२ आहे. अॅनाबाँड या चेन्नईच्या कंपनीचेही सीलंट मिळतात. दुसरा ब्रँड घेताना डब्यावर दोन गोष्टी पाहायच्या: डिझेलला चालतो असं लिहिलेलं हवं आणि ताकद मध्यम किंवा कमी हवी. लाल रंगाचा जास्त ताकदीचा थ्रेड लॉकर इथे आणू नका. तो सोडवायला सांधा तापवावा लागतो, आणि बिल्जमध्ये (बोटीच्या तळाशी) डिझेलचा वास असताना तिथे ब्लो टॉर्च पेटवायचा विचारही नको. या सीलंटचा मोठा गुण असा, की आत ओघळलेला जादा भाग हवेत किंवा इंधनात घट्ट होत नाही. तो पातळच राहतो आणि डिझेलबरोबर निघून जातो, तुकडा बनून कुठे अडकत नाही.

सीलंट धरेल की नाही हे बाटलीवर कमी आणि आट्यांच्या सफाईवर जास्त ठरतं. जुनी टेप किंवा सीलंट टोकदार पिनने प्रत्येक आट्यातून काढा, मग पितळी ब्रश फिरवा. आतल्या आट्यांत बाटल्या धुण्याचा बारीक ब्रश बरा चालतो. सफाई करताना पाइपाचं तोंड बोळ्याने बंद ठेवा, आणि तो बोळा नंतर आठवणीने काढा. शेवटी दोन्ही बाजूंना अॅसिटोन मारून कोरडं करा. पेट्रोल किंवा रॉकेलने पुसलं तर तेलाचा पातळ थर मागे राहतो, आणि नेलपॉलिश रिमूव्हरमध्ये मुद्दाम तेल घातलेलं असतं, तेव्हा तोही नको. पावसाळ्यात धातूवर, विशेषतः आट्यांत बसलेल्या खारावर, ओल धरलेली असते. म्हणून आधी गोड्या पाण्याने खार धुवायचा, वाळवायचं, आणि सीलंट लावण्याच्या जेमतेम मिनिटभर आधी अॅसिटोन मारायचं.

लावायचं ते बाहेरचे आटे असलेल्या तुकड्यावर. टोकाचा पहिला आटा पूर्ण कोरा ठेवून पुढच्या तीन-चार आट्यांच्या खोबणीत सगळ्या बाजूंनी भरेल इतकंच. खोबणी दिसेनाशी झाली की पुरे. हाताने जाईल तिथवर फिरवायचं, मग पान्याने दीड ते दोन फेरे, फार तर अडीच. अॅल्युमिनियमच्या फिल्टर हेडमध्ये दीडवरच थांबा. निमुळतं फिटिंग पाचरीसारखं काम करतं, आणि हेडला गेलेली चीर कशानेच भरून निघत नाही. एल्बोचं (काटकोनात वळलेल्या फिटिंगचं) तोंड हव्या दिशेला यावं म्हणून पाव फेरा मागे घेण्याची सवय सोडून द्या. मागे फिरवलं की भरलेली वाट परत उघडते. पुढे फिरवून दिशा जुळत नसेल तर खोला, पुसा, पुन्हा लावा.

पूर्ण घट्ट व्हायला २४ तास धरा. स्टेनलेस स्टीलवर हा सीलंट हळू चालतो, कारण त्याला लागणारे धातूचे आयन स्टेनलेसकडून फार कमी मिळतात. तिथे अॅक्टिव्हेटर मारावा किंवा जास्त वेळ द्यावा. पितळ आणि साध्या लोखंडावर तो लवकर धरतो. प्लास्टिकच्या आट्यांवर मात्र लावूच नका. आत हवा तुटली तरी तो नीट घट्ट होत नाही, शिवाय काही प्लास्टिकना त्याने तडे जातात.

कोकणातल्या गॅरेजांत अजूनही शेलॅक वापरतात, आणि डिझेलसाठी ती वाईट नाही. लाख डिझेलमध्ये विरघळत नाही. ती कडक होते आणि कंपनाने भेगाळते, इतकाच तिचा दोष. पेट्रोलवर चालणाऱ्या आउटबोर्ड इंजिनाला मात्र शेलॅक आता चालणार नाही. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल आहे आणि लाख विरघळते ती अल्कोहोलमध्येच. सिलिकॉन गॅस्केट इंधनात फुगून मऊ पडतं, त्याची जागा इथे नाही. सफेदा आणि ताग पाण्याच्या पाइपावरच राहू दे. बाहेरून एम-सील थापणं म्हणजे डिझेलने ओल्या पृष्ठभागावर चिकटवायचा प्रयत्न, तो पुढच्या भरतीलाही टिकत नाही.

वायसरवर बंद होणारे सांधे बोटीवर सगळ्यात जास्त आणि सगळ्यात दुर्लक्षित. फीड पंपाचे बँजो बोल्ट (पाइपाच्या टोकाच्या गोल कड्यातून, म्हणजे बँजोतून जाणारे बोल्ट), फिल्टर हेडचे, एफआयपीच्या इनलेट आणि ओव्हरफ्लोचे, झाडून सगळे इथे येतात. बँजोला दोन वायसर लागतात: एक बोल्टच्या डोक्याखाली, एक बँजो आणि हेडच्या मध्ये. दोन्ही एकाच मापाचे आणि एकाच जाडीचे असावेत. आत १४ मिमीऐवजी १५-१६ मिमीचा ढिला वायसर घातला तर तो एका बाजूला सरकून बसतो आणि अर्धी बैठक उघडी राहते. इथे सीलंट लावला तर वायसर तरंगतो, धातूला धातू लागत नाही.

तांब्याचा वायसर एकदा दाबला गेला की कडक होतो, दुसऱ्यांदा तो बैठकीच्या खाचखळग्यांत बसत नाही. नवा नसेल तर जुना नरम करता येतो. तारेत ओवून गॅसच्या निळ्या ज्योतीवर धरा. अंधाऱ्या कोपऱ्यात मंद लाल दिसला की लगेच पाण्यात टाका. लोखंडासारखा तो पाण्याने कडक होत नाही, उलट नरम राहतो आणि वरची काळी पापडी सुटून येते. मग काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून दोन्ही बाजू घासा. कडेपासून कडेपर्यंत आडवी चर दिसत असेल तर फेकून द्या. हे काम घरी किंवा गॅरेजात करायचं, इंजिन रूममध्ये नाही. बँजोच्या बैठकीवर नख फिरवून पाहा. नख अडकलं तर वायसर कितीही नवा असो, तिथे पाझर राहणार. रबर बसवलेला बाँडेड वायसर अशा थोड्या खराब बैठकीवर जास्त माफी देतो, आणि कमी दाबाच्या बाजूला मला तोच बरा वाटतो. बायोडिझेल मिसळलेलं इंधन येत असेल तर त्यातलं रबर नायट्राइलपेक्षा व्हिटॉनचं घ्यावं.

आवळायचं किती, हे इंजिनाच्या पुस्तकात पाहावं. पुस्तक नसेल तर तांब्याच्या वायसरसह एम१० बँजोला १५ ते २० न्यूटन-मीटर आणि एम१४ ला ३० ते ४०, अॅल्युमिनियममध्ये खालचा आकडा. बँजो बोल्ट आतून पोकळ आणि आडवा भोकं पाडलेला असतो, जोर लावला की भोकाच्या ओळीत तुटतो. तांबं पहिल्या तापण्या-थंड होण्यात थोडं बसतं, म्हणून पहिली चाचणी घेऊन इंजिन गार झाल्यावर हे बोल्ट पुन्हा एकदा तपासून आवळा. सीलंट लावलेला निमुळता सांधा मात्र घट्ट झाल्यावर आवळायचा नाही, आवळला की आतला थर फुटतो. एकाच इंजिनावर दोन उलटे नियम, आणि ऑगस्टच्या पहिल्या फेरीआधी पाना घेऊन "सगळं एकदा टाइट करतो" म्हणणारा खलाशी दुसरा नियम हमखास मोडतो. सीलंटवाल्या सांध्यांवर रंगाचा ठिपका द्या.

शंकूवर बंद होणाऱ्यांना काहीच लावायचं नाही. फ्लेअर केलेला, म्हणजे टोक तुतारीसारखं पसरवलेला तांब्याचा पाइप, एफआयपीपासून नोझलपर्यंतचे स्टीलचे पाइप, दोन्ही धातूवर धातू बसून बंद होतात. आट्यांवर आणि नटाच्या मागच्या खांद्यावर थेंबभर स्वच्छ तेल, बस्स. फ्लेअर गळत असेल तर नट आणखी आवळून तो पातळ होतो आणि मानेशी चिरतो. ती चीर नटाच्या आत लपलेली असते, पाइप बाहेर काढून फ्लेअरच्या मुळाशी उजेड धरल्याशिवाय दिसत नाही. कंपनाने तांबं कडक होत जातं, म्हणून जुना पाइप कापून तिथेच नवा फ्लेअर मारण्याआधी टोक नरम करून घ्यावं. खरा उपाय पाइपाच्या मांडणीत आहे. हलतं इंजिन आणि स्थिर नौका यांच्यामध्ये ताठ पाइप नको, तिथे आयएसओ ७८४० छापलेला आगरोधक होज हवा. ऑलिव्हवाल्या (पाइपावर दाबून बसणारं कडं असलेल्या) कॉम्प्रेशन सांध्याला हाताने आवळल्यावर सव्वा फेरा, आणि पुन्हा जोडताना जुन्या खुणेपुढे जेमतेम थोडा.

नोझल पाइपांबद्दल एक गोष्ट. तिथे २०० बार आणि त्याहूनही जास्त दाब असतो. गळतीचा अंदाज घ्यायला बोट पुढे करू नका, सुईसारखी धार कातडीत शिरते आणि तो प्रकार थेट ऑपरेशन टेबलवर संपतो. पुठ्ठ्याचा तुकडा धरा. तसाच उडणारा फवारा गरम एक्झॉस्टवर पडला की बोटीला आग लागते. नट आवळताना एफआयपीच्या डिलिव्हरी होल्डरला (ज्यावर हा नट बसतो त्या तुकड्याला) दुसऱ्या पान्याने धरा, नाहीतर होल्डरच फिरतो.

धातूंचं म्हणाल तर डिझेलच्या मार्गात जस्ताचा मुलामा दिलेलं, म्हणजे जीआय फिटिंग घालू नये. जस्त डिझेलमधल्या आम्लांशी मिळून साबणासारखा चिकट पदार्थ बनवतं आणि तो फिल्टर व नोझलवर बसतो. नळाच्या दुकानातलं स्वस्त निपल बहुतेक वेळा तेच असतं. पितळ किंवा साधं स्टील घ्या. स्टेनलेसमध्ये स्टेनलेस फिरवताना आटे एकमेकांत जाम होतात, तिथे सीलंट वंगणाचंही काम करतो, म्हणून कोरडं फिरवू नका.

कच्चा सांधा शोधायचा तर बंदीची वाट न पाहता, बोट वर ओढण्याआधी शोधा. पश्चिम किनाऱ्यावर १ जूनला मासेमारी बंद होते. मेच्या शेवटी टाकी तळाला गेलेली असते, शोषण सगळ्यात जास्त असतं, आणि इंजिन थंड करायला समुद्राचं पाणी हाताशी असतं. बोट शाकारल्यावर जुलैत हे जमत नाही. फीड पंपाच्या इनलेटला हातभर पारदर्शक नळी जोडा आणि इंजिन नेहमीच्या चालीवर दहा-पंधरा मिनिटं चालवा. सुरुवातीचे चार बुडबुडे सोडा. त्यानंतरही ओळीने बुडबुडे येत राहिले तर हवा अलीकडून येतेय. मग टाकीचा पाइप सोडून स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट त्या नळीने पंपाला द्या. बुडबुडे थांबले तर दोष टाकीपासून नळीपर्यंतच्या पट्ट्यात. नळीत स्वच्छ डिझेल दिसतंय आणि तरी इंजिन अडखळतंय, तर हवा नळीच्या पुढे, फीड पंपातच शिरत असू शकते. हँड प्रायमरच्या दांड्याचा सील, पंपाच्या काचेच्या वाटीचं गॅस्केट, प्राथमिक फिल्टरचं झाकण, यांना आटे नाहीत म्हणून कुणी संशय घेत नाही, पण हवा घ्यायला तेही तयार असतात. होजच्या टोकाला क्लिपऐवजी पिळलेली तार असेल तर आधी तीच बदला. पारदर्शक नळी चाचणीपुरतीच, ती डिझेलमध्ये कडक होते आणि आगीला टिकत नाही.

पट्टा सापडला की दोन्ही टोकं सोडा, एक बंद करा, दुसऱ्यातून ०.२ ते ०.३ बार हवा द्या आणि प्रत्येक सांध्यावर साबणाचं पाणी. मोटरसायकलच्या टायरचा हातपंप यालाही पुरतो. टाकीला हवेचा दाब कधीही देऊ नका. ०.२ बार ऐकायला किरकोळ वाटतं, पण एक मीटर बाय एक मीटरच्या सपाट पत्र्यावर तो २ टन वजनाइतका होतो, टाकी फुगते आणि तिच्या वेल्डला तडे जातात. हँड प्रायमर मारून शोषणाची बाजू तपासली असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. प्रायमर दाब देतो तो पंपाच्या पुढच्या बाजूला. तिथले सांधे तपासायला तो उत्तम: पुसून कोरडं करा, खडू घासा, प्रायमर मारा, ओल लागली की खडू काळवंडतो.

काम झाल्यावर हवा काढायचा क्रम टाकीकडून इंजिनाकडे. आधी फिल्टरचा ब्लीड स्क्रू, बुडबुडे संपून सलग धार आली की प्रायमर दाबलेला असतानाच बंद. मग एफआयपीचा. तरी स्टार्ट होत नसेल तर दोन नोझलचे नट अर्धा फेरा ढिले करून क्रँक मारा, डिझेल आलं की आवळा. दुहेरी फिल्टर असेल तर दोन्हींचे स्क्रू, एक विसरला की सगळं पहिल्यापासून.

बोटीवर ठेवायच्या डब्यात ८, १०, १२, १४ आणि १६ मिमीचे तांब्याचे वायसर प्रत्येकी दहा, १४ चे वीस, कारण तेच सगळ्यात जास्त लागतात. दोन जादा बँजो बोल्ट, फ्लेअर नटाची एक जोडी, हातभर आयएसओ ७८४० होज, चार स्टेनलेस क्लिपा. अॅसिटोनची लहान बाटली झाकण घट्ट लावून इंजिनापासून लांब.

सीलंटची बाटली नवी उघडली तर ती पूर्ण भरलेली दिसणार नाही. दुकानदाराने कमी दिलेलं नसतं. आत हवा असेल तोवरच तो पातळ राहतो, म्हणून कंपनीच जागा सोडते. वाचवायला म्हणून तो धातूच्या डबीत ओतला तर डबीतच गोठेल. बाटलीचं टोक आट्याला टेकवून सांडलेलं परत ओढून घेतलं तर धातूचे कण आत जातात आणि बाटली हळूहळू घट्ट होते. डब्यावरची तारीख पाहा, आणि बाटली इंजिन रूमच्या कप्प्यात नको, तिथली उष्णता तिला सोसत नाही. तांडेलच्या केबिनमध्ये, नकाशांच्या खणात ठेवली तर वर्षभर नीट राहते.